रानातलं घर आणि चाळीस आर

मंगळवार, 7 जानेवारी 2025

दोघे भाचे सकाळी सातलाच दारात. थोरल्याच्या हातात अंजिरांची पाटी, धाकट्याच्या हातात ठेकेदाराने लिहून दिलेला अंदाजखर्च. पुरंदरचा माणूस नुसत्या गप्पांसाठी एवढी अंजिरं आणत नाही, तेव्हा काम निघालंच होतं.

"मामा, पाडव्याला पाया घालायचा. रानात. दोघांची दोन घरं."

गावठाणातलं घर त्यांच्या पणजोबांचं. बोळात पिकअपसुद्धा शिरत नाही. वाळू आणायची तर पाट्या भरून डोक्यावरून. गोठा, विहीर, बाग सगळं रानात, गावापासून पाऊण किलोमीटरवर. रात्रीची वीज आली की एकाने पाण्याला जायचं आणि एकाने घर राखायचं. रानात राहायला जावं असं त्यांना वाटलं, यात नवल काही नाही. आमच्याकडची निम्मी गावं अशीच वस्त्यांवर पांगली आहेत.

परवानगीचं विचारलं तर थोरला हसला. "आपल्याच रानात घर बांधायला कुणाला विचारायचं?"

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त होईपर्यंत हे वाक्य मी टेबलापलीकडून ऐकत आलो. ते निम्मं खरं आहे, म्हणून तर इतकं टिकलं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 चं कलम 41 शेतकऱ्याला शेतावर इमारत बांधायचा हक्क देतं. शेतावरची इमारत कशाला म्हणायचं ते कलम 2 च्या पोटकलम 9 मध्ये आहे: अवजारं, खत आणि वैरण ठेवायची जागा, धान्याचं कोठार, गुरांचा गोठा आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचं, गड्यांचं किंवा कुळांचं राहतं घर. म्हणजे शेतातलं राहतं घर कायद्याला परकं नाही. शेतीचाच तो भाग, असंच कायदा धरून चालतो.

उरलेलं निम्मं उद्या सांगतो म्हटलं. सातबारा घेऊन या.

बुधवार, 8 जानेवारी

धाकटा एकटाच आला. सातबारा छापील नव्हता, मोबाइलवर होता. क्षेत्र 1 हेक्टर 16 आर, भोगवटादार वर्ग 1. त्यावरच मोठा घोर मिटला. वर्ग 2 असती तर शर्तभंगाची आणि नजराण्याची गोष्ट आधी निघाली असती.

कलम 41 ला 1986 च्या दुरुस्तीने कुंपण घातलं. महानगरपालिकांची हद्द, पुणे-नागपूरच्या हद्दीपासून 8 किलोमीटर आणि इतर महानगरपालिकांपासून 5 किलोमीटरचा पट्टा, नगरपरिषदांची क्षेत्रं आणि प्रादेशिक योजनेखाली येणारं क्षेत्र. इथे शेतावरची इमारत बांधायची किंवा जुनी वाढवायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी. आमचं गाव कुठल्याही शहराला चिकटून नाही, पण पुणे प्रादेशिक योजनेत आहे. तिथेच थोरल्याचं हसणं संपतं. प्रादेशिक योजना आता बऱ्याच जिल्ह्यांना झाल्या, त्यामुळे "आम्ही कुठे शहरात राहतो" हे उत्तर पुरत नाही.

परवानगी मिळते, पण मापात. पोराला वहीत लिहून दिलं:

राहत्या घरासाठी धारण क्षेत्र 0.4 हेक्टरपेक्षा कमी असेल तर परवानगी नाही. नुसता गोठा, वैरणीची खोली किंवा धान्याचं कोठार असेल तर ही अट आड येत नाही.

0.4 च्या वर आणि 0.6 हेक्टरपर्यंत: सगळ्या इमारतींचं मिळून जोतं 150 चौरस मीटर.

0.6 च्या वर: क्षेत्राचा चाळिसावा भाग किंवा 400 चौरस मीटर, यांतलं जे कमी ते. पण त्यातही राहत्या घराचं जोतं 150 च्या वर नाही, मग जमीन शंभर एकर असो.

फक्त तळमजला. जोत्यापासून उंची 5 मीटर.

आकडे हवेतून आलेले नाहीत. 0.6 हेक्टर म्हणजे 6000 चौरस मीटर. त्याचा चाळिसावा भाग बरोबर 150. रानाच्या चाळीस हिश्शांतला एक हिस्सा इमारतीला, एकोणचाळीस मातीला. हिशेब करणाऱ्याने शेतीकडे बघूनच केला होता.

धाकट्याने लगेच भागाकार केला. 1.16 चे दोन भाग, प्रत्येकी 58 आर. "म्हणजे दोघांना दीड-दीडशे मीटर. बसतंय की, मामा!"

मी सातबारा त्याच्याच मोबाइलवर वर सरकवला. नावं वाच म्हटलं. त्याने तीन वाचली. तिसरं ताईचं.

गप्प झाला. मग म्हणाला, "ताई काय, सही देईल."

सोमवार, 13 जानेवारी. भोगी

भोगीचं जेवायला भाच्यांकडे. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, मिसळीची भाजी, लोणी. जेवल्यावर धाकट्या भाचेसुनेने वहीच्या पानावर काढलेलं घर दाखवलं. वर गच्ची आणि तिथे पोरांच्या अभ्यासाची खोली. तिला सांगावं लागलं की वरची खोली होणार नाही. तळमजला म्हणजे तळमजला. वर नुसती पत्र्याची शेड टाकली तरी उंचीचं बंधन आहेच.

"150 मीटर म्हणजे किती हो, मामा?"

सोळाशे चौरस फुटांच्या वर थोडं. तिने आताच्या घराचं मनात माप घेतलं आणि म्हणाली, "मग वरचं हवंय कशाला? खाली चार खोल्या निघतात. सासूबाई होत्या तेव्हा सात माणसं दोन खोल्यांत होतो."

थोरल्याने मात्र एक खुसपट काढलं. रानात विहिरीजवळ पंप ठेवायची एक खोली आहे. रब्बीची ई-पीक पाहणी करताना ॲपमध्ये त्याने ती 'घरपड' म्हणून टाकली. "सातबाऱ्यावर घर चढलंय, आता कसली परवानगी?" नमुना 12 मध्ये घरपड लागली म्हणजे तेवढ्या जागेत पीक नाही एवढीच नोंद झाली. पीक पाहणी हा पिकांचा आणि पडीचा हिशेब आहे, बांधकामाचा परवाना नाही.

ताईचा विषय कुणी काढला नाही. मीही सणाच्या ताटावर काढला नाही.

शनिवार, 18 जानेवारी

ग्रामपंचायतीत पडदा लावून पंतप्रधानांचा कार्यक्रम दाखवला. स्वामित्व योजनेत देशभरातल्या पन्नास हजारांवर गावांतली 65 लाखांहून अधिक मालमत्ता पत्रकं आज वाटली. या कामाशी आमच्या तालुक्याचं जुनं नातं आहे. योजना 2020 ची, पण ड्रोनने गावठाण मोजायचा राज्यातला पहिला प्रयोग त्याआधीच पुरंदरमधल्या सोनोरीत झाला होता.

कार्यक्रम संपल्यावर वस्तीवरचे दोघे-तिघे सरपंचांना घेरून उभे. आमची पत्रकं कुठे? त्यांची घरं पंधरा-वीस वर्षांची, सिमेंटची. एकाच्या दारात तर फरशी घातलेलं अंगणही. पण ड्रोनने मोजलं ते गावठाण. शेतजमिनीवरचं घर त्यात येत नाही. एकाने खिशातून घरपट्टीची पावती काढली. "दर साल भरतोय. नमुना 8 ला नाव आहे."

माणसं इथेच हमखास फसतात. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही. घर उभं दिसलं की ग्रामपंचायत कर बसवते, कारण तिला दिवाबत्ती, पाणी, रस्ता द्यायचा असतो. तलाठ्याकडचा 8-अ निराळाच. तो जमिनीचा खातेउतारा. दोन्हीकडे आठाचा आकडा असल्याने लोक एकाच्या जागी दुसरा काढून आणतात. यातल्या एकानेही बांधकाम कायदेशीर होत नाही. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा सरकारी हुकूम झाला. गाव मात्र अजून भाऊसाहेबच म्हणतं, आणि या प्रश्नावर भाऊसाहेबांकडेही दुसरं उत्तर नाही.

रविवार, 26 जानेवारी

ध्वजवंदनानंतर ग्रामसभा. वस्तीवरच्यांनी विषय लावून धरला आणि सगळ्यांच्या तोंडी दोन आकडे होते: तीन हजार दोनशे आणि दोनशे.

पहिला आकडा 3200 चौरस फुटांचा. ग्रामीण भागात एवढ्यापर्यंतच्या बांधकामाला नगररचना कार्यालयात जायला नको, ग्रामपंचायतीतच काम होतं, ही बातमी चारेक वर्षांपूर्वीची. एकाने तिचं कात्रण अजून जपलंय. बातमी खोटी नाही. पण तिथे जागा राहण्याच्या वापराची आहे हे आधी गृहीत आहे. शेत ते शेत. कात्रण दाखवून त्याचं गावठाण होत नाही.

दुसरा आकडा 200 मीटरचा. महसूल अधिनियमातलं कलम 42-ड. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन, त्या भागाला लागू असलेल्या विकास नियमांच्या अधीन राहून, राहण्याच्या वापरासाठी रूपांतरित झाली असं मानलं जातं. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरली की सनद मिळते. पूर्वीसारखं अकृषिक परवानगीचं प्रकरण चालवावं लागत नाही. हे कलम खरोखर कामाचं आहे आणि गावोगाव कित्येकांना त्याचा पत्ता नाही.

पण 200 मीटर मोजायचे कुठून? सभेत एकाने छातीठोकपणे सांगितलं, शेवटच्या घरापासून. असं झालं असतं तर दर पाच वर्षांनी गाव 200 मीटर पुढे सरकलं असतं. मोजायचं ते कलम 122 खाली ठरलेल्या गावठाणाच्या हद्दीपासून. ती हद्द गावनकाशावर आहे, आणि नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. नकाशा कधी पाहिलाय का, असं विचारलं तर दोनच हात वर आले. त्यातला एक माझा.

भाच्यांचं रान या 200 मीटरांत बसत नाही. पण गावठाणाला खेटून त्यांची एक खळवाडी आहे. निराळा गट, चार आर. मळणी यंत्रं आल्यापासून तिथे खळं कुणी केलं नाही. कडबा रचतात आणि कुणाचं लग्न असलं की मांडव पडतो. सभेतून उठताना थोरल्याला म्हटलं, खळवाडीचा सातबाराही काढून ठेव.

गुरुवार, 30 जानेवारी

आज दोघांना समोर बसवून हिशेब मांडला.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली, त्यानंतर आईही गेली. वारसनोंदीला तिन्ही मुलांची नावं लागली आणि तसंच लागायला हवं होतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाइतकी सहदायाद झाली, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ते निःसंदिग्धपणे सांगितलं. तेव्हा 1.16 चे भाग दोन नाहीत, तीन. प्रत्येकी 38.67 आर.

आता नियम लावा. 38.67 आर म्हणजे 0.4 हेक्टरला सव्वा आराहून थोडं जास्तच कमी. वाटणी केली की तिघांपैकी एकालाही रानात राहतं घर बांधता येत नाही. वाटणी न करता जमीन सामाईक ठेवली तर 1.16 चा चाळिसावा भाग 290 चौरस मीटर, पण राहत्या घराचं जोतं सगळ्यांचं मिळून 150. म्हणजे दोन भावांना पाऊण-पाऊणशे मीटर, ताईचा त्यात काही हिस्सा धरला तर आणखी कमी. एकत्र राहिलात तर अर्धं घर, वेगळे झालात तर घरच नाही.

सरासरी शेत लहान होत चाललंय, माप मात्र तेच आहे. चाळीस आरांची अट घातली तेव्हा शहरातल्या बंगलेवाल्याला आवरायचं होतं. आज तिच्यात सापडतात वाटणीला बसलेली भावंडं.

थोरला थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हक्कसोड करून घेतली तर?"

अपेक्षित होतंच. मी सांगितलं, हक्कसोडपत्र ताईने आपण होऊन दिलं तर कायदा अडवत नाही. पण घराचं माप बसत नाही म्हणून बहिणीचं नाव काढायचं असेल तर त्या कामाला मला बोलवू नका. सरकारच्या नियमाची अडचण बहिणीच्या हिश्शातून भागवायची, हा तोडगा नव्हे. गावात अशा हक्कसोडी किती झाल्या ते मी फेरफार लिहिताना पाहिलंय.

सोमवार, 10 फेब्रुवारी

घाटाकडे जाताना रस्त्याच्या कडेला तीन पाट्या. 'फार्महाऊस प्लॉट, 11 गुंठे, स्वतंत्र सातबारा, निसर्गाच्या सान्निध्यात.' अकराच गुंठे का, हे एका गिऱ्हाइकाने आज मला विचारलं. पुण्यातले निवृत्त गृहस्थ, ओळखीतून आलेले. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा. त्याखालचं प्रमाणभूत क्षेत्र 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं ठरवण्यात आलं. प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकता येत नाही. म्हणून विकणारा बागायत दाखवून दहाच्या वर एक गुंठा ठेवतो, की खरेदीखत नोंदवलं जातं.

पण खरेदी होणं निराळं आणि घर होणं निराळं. अकरा गुंठे म्हणजे साधारण 11 आर. परवानगी लागणाऱ्या क्षेत्रात राहत्या घराला 40 आर हवेत. पाटीवर फार्महाऊस लिहिलंय ते ज्या जागेवर होऊ शकत नाही, तिचीच ही जाहिरात. शिवाय गृहस्थ शेतकरी नाहीत. कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दलालाने म्हणे सांगितलं, "ते आम्ही बघू." काय बघणार, ते लेखी घ्या म्हटलं.

संध्याकाळी धाकटा बँकेतून आला. घरकर्ज देतो म्हणाले, पण आधी परवानगी आणि मंजूर नकाशा. शेतजमीन नुसती तारण घ्यायला बँका का कचरतात ते त्याला सांगितलं: थकीत कर्जासाठी मालमत्तेचा ताबा घेण्याचा 2002 चा जो कायदा आहे, सरफेसी, तो शेतजमिनीला लागू नाही. वसुलीचा हात पोचत नाही तिथे बँक कर्जाचा हात आखडता घेते. त्या कायद्याने शेतकऱ्याचं रान वाचतं, पण घराचं कर्ज अडतं.

शनिवार, 22 फेब्रुवारी

बालेवाडीला आज घरकुलांचा मोठा कार्यक्रम. राज्यातल्या 20 लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं. आमच्या बागेत खुरपायला येणारी एक बाई दुपारी पत्र घेऊन आली. घर मंजूर, जागा नाही. सपाट भागात घरकुलाला 1 लाख 20 हजार मिळतात, घर किमान 25 चौरस मीटरचं हवं. पण ते उभं कशावर करायचं? गावातला एक शेतकरी रस्त्याकडेचा गुंठाभर द्यायला तयार आहे.

तिच्यासाठी वाट आहे. तुकडेबंदीच्या मार्च 2024 च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने काही ठरावीक कामांसाठी लहान तुकडा देता येतो, उदाहरणार्थ विहिरीला पाच गुंठ्यांपर्यंत, शेतरस्त्याला, आणि ग्रामीण घरकुलाला प्रत्येक लाभार्थ्यामागे 1000 चौरस फुटांपर्यंत. ज्या कामासाठी तुकडा घेतला त्याचा शेरा सातबाऱ्यावर येतो, म्हणजे उद्या घरकुलाच्या नावाखाली टपरीचा धंदा नको.

पण शेतकरी देतोय गुंठा, आणि गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. नव्वद फूट जास्त! तो म्हणतो, गुंठ्याच्या खाली मी मोजून देत नाही. त्याला निरोप धाडला: हजार फुटांचाच अर्ज करा, उरलेले नव्वद फूट तुमच्या बांधात राहू द्या. नाहीतर नव्वद फुटांपायी सगळं प्रकरण परत येईल. जागा विकत घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य मिळतं, त्याचा अर्जही सोबत जोडायला सांगितला. बाई लिहायला शिकलेली नाही. पोरीला घेऊन आली होती. पोरीने सगळं नीट वहीत उतरवलं आणि शेवटी मला वाचून दाखवलं. इतकं नीट टिपण मी कचेरीतसुद्धा क्वचित पाहिलं.

बुधवार, 26 फेब्रुवारी. महाशिवरात्र

ताई आली. उपासाची रताळी उकडलेली, भगर शिजलेली, आणि भाऊ दोघे जास्तच आदराने बोलत होते. तिला काय कळायचं ते कळलं.

"फोनवर सांगितलंय मला यानं," ती धाकट्याकडे बघत म्हणाली. "सही पाहिजे. कशापायी, ते मामांच्या तोंडून ऐकायचंय."

मी आकडे मांडले. 40 ची अट, 38.67, जोत्याचं माप, गावठाणाचे 200 मीटर. ती सासरी दौंड तालुक्यात शेतीच बघते. आर आणि गुंठे तिला समजावावे लागत नाहीत. तिने पहिला प्रश्न केला तो कुणालाच सुचला नव्हता. "खळवाडी धरून एकूण किती?"

1.16 आणि 0.04. एक हेक्टर वीस.

"मग तीन वाटे चाळिसाचे होतात की."

होतात. पण रान 116 आरच आहे. भावांना घर रानात हवं, आणि नियमाच्या कडेवर नको म्हणून चाळिसाच्या थोडं वर हवं. तिने धाकट्याच्या पोराची पाटी ओढली. दोघांना 41-41, तिला रानातले 34 आणि खळवाडीचे 4. बेरीज 120. तिच्या वाट्याला 38, म्हणजे आकड्याने दोन आर कमी. पण खळवाडी गावठाणाला लागून, रस्त्यावर. तिचा भाव रानाच्या कितीतरी वर. "मला घर बांधायचं झालं तर गावठाणाजवळच बांधीन. पाण्यापाशी रात्र काढायची तुम्हाला हौस."

थोरला म्हणाला, "खळवाडी तर लग्नाच्या मांडवाची जागा."

"तुझ्या पोरीच्या लग्नाला देईन मांडवाला. भाडं घेणार नाही."

सगळे हसले. हक्कसोडीचा शब्द परत कुणी काढला नाही.

मंगळवार, 11 मार्च

कागद जमवण्यात आठवडा गेला. क्रमाने टिपून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी वाटणी. कलम 85 खाली तिघांच्या संमतीने तहसीलदारांकडे अर्ज. सोबत कोणाला कोणती बाजू ते दाखवणारा कच्चा नकाशा, विहीर आणि वाट सामाईक ठेवल्याचा स्पष्ट उल्लेख. वाटणी घाईत करणारे नेमकी ही दोन कलमं विसरतात आणि मग पुढची पिढी बांधावर भांडते. मग फेरफार, पोटहिश्शाची मोजणी, तीन वेगळे सातबारे.

मग झोन दाखला. जमीन प्रादेशिक योजनेत कुठल्या विभागात येते ते त्यात असतं. शेती विभागात शेतघराचे जे नियम लागतात ते विकास नियंत्रण नियमावलीत आहेत. ती 2020 पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडता जवळपास सगळ्या राज्याला एकच आहे. गाव पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीत असेल तर नकाशा तिथे, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. हद्दीची खात्री आधी करा; चुकीच्या दारात दोन महिने बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग अर्ज. सातबारा, 8-अ, फेरफार, मोजणी नकाशा, झोन दाखला, घराचा नकाशा, रस्त्यापासून सोडलेलं अंतर. नकाशात जोत्याचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये ठळक. धाकट्याने 148 धरलंय. दोन मीटर सोडायला त्याची बायको राजी नव्हती, पण गवंड्याच्या हाताचा भरवसा किती धरायचा?

आणि परवानगी आधी, पाया मागाहून. परवानगीशिवाय किंवा मापाबाहेर बांधलं तर दंड आहे आणि बांधकाम काढायची नोटीसही येऊ शकते. बांधून झाल्यावर बघू म्हणणाऱ्याचं घर उभं राहतं, पण ते विकता येत नाही, त्यावर कर्ज निघत नाही, आणि शेजाऱ्याचं बिनसलं की पहिली तक्रार त्याचीच जाते.

रविवार, 30 मार्च. गुढीपाडवा

पाडव्याला पाया पडला नाही. वाटणीचा अर्ज दाखल झालाय, तिघांच्या सह्या झाल्या आहेत, मोजणीची तारीख यायची आहे. थोरल्याचा मुहूर्त हुकल्याची चुटपुट आहे. मी म्हटलं, अक्षय्यतृतीया आहे, दसरा आहे, साडेतीन मुहूर्त एकाच वर्षात संपत नसतात.

या निमित्ताने पुन्हा पटलं ते लिहून ठेवतो. शेतावर घर बांधू देणारा कायदा मुळात शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. चाळिसाव्या हिश्शाचं माप रास्त आहे. ते नसतं तर आमच्या खोऱ्यात सीताफळ-अंजिरांऐवजी एव्हाना नुसत्या कमानी आणि फाटकं दिसली असती. पण 0.4 हेक्टरची अट आता शेतकऱ्यालाच कापते आणि अकरा गुंठ्यांची पाटी लावणाऱ्याला कापत नाही, कारण तो विकून मोकळा होतो. जो स्वतः कसतो, पिढ्यान् पिढ्या खातेदार आहे आणि ज्याचं क्षेत्र केवळ वारसांच्या वाटणीने कमी झालं, त्याला लहान जोत्याचं एक घर बांधायची मुभा द्यायला हवी. चाळीस आरांना दीडशे मीटर देता, तर वीस आरांना पंचाहत्तर द्या. प्रमाण तेच राहील आणि मातीचं नुकसान तिळभर वाढणार नाही. हे आमदारांना पत्राने कळवणार आहे.

तोवर ज्यांना रानात घर बांधायचंय त्यांनी ठेकेदाराकडे जाण्याआधी चार गोष्टी बघाव्यात: गाव प्रादेशिक योजनेत किंवा शहराच्या पट्ट्यात येतं का, गावठाणाच्या नकाशावरल्या हद्दीपासून जमीन किती मीटरवर आहे, वाटणीनंतर आपल्या एकट्याच्या नावावर किती आर राहतील, आणि सातबाऱ्यावर आपल्या बहिणीचं नाव आहे का. बहिणीचं नाव नसेल तर आधी ते लावून घ्या, मग बाकीचे तीन हिशेब करा.